करवंटीचा कोळसा

भैय्यालालला आयुष्यात शौक दोनच. एक गुडगुडीचा आणि दुसरा गुडगुडीवरच्या कोळशाचा. त्यातही दुसरा पहिल्यापेक्षा भारी, असं त्याची बायको सुशिलाबाई म्हणे, आणि जन्मभर त्याच्याशी संसार केलेल्या बाईचं म्हणणं खोटं कशाला असेल? तंबाखू कुठलीही चाले, तिच्यात गूळ कमीजास्त पडला तरी चाले; पण चिलमीवरचा कोळसा नारळाच्या करवंटीचाच हवा. आमगावच्या आसपास जिकडे पाहावं तिकडे धानाच्या बांध्या, नारळाचं झाड औषधालाही नाही. तरी हा माणूस करवंटीवर अडून बसलेला. लग्नघरी जेवून लोक पानाच्या तबकाकडे वळत, तेव्हा हा आचाऱ्याच्या चुलीमागे वाकून करवंट्या पिशवीत भरत असे. व्याह्यांदेखत हे चाललेलं पाहून सुशिलाबाईला धरणी पोटात घेईल तर बरं असं होई.

घरी आणलेल्या करवंट्या तो पत्र्याच्या डब्यात रचे, झाकण मातीने लिंपे आणि डबा धानाच्या तुसाच्या आगीत पुरून ठेवी. निघालेला कोळसा एकमेकांवर आपटून बघे. काचेसारखा वाजला तर खरा. मग त्याचे अंगठ्याएवढे तुकडे करून डब्यात भरून ठेवी. आल्यागेल्याला तो सांगे, "लाकडाचा कोळसा बोलते, गोवरीचा रडते, नरोटीचा ऐकते." म्हणजे लाकडाचा तडतडतो, गोवरीचा डोळ्यांतून पाणी काढतो, आणि करवंटीचा मुकाट असतो, दम मारला की लाल होतो, थांबलं की थांबतो. पाहुण्यांना याचं काय? ते मान डोलवत आणि बिडी पेटवत.

मागच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी अर्ध्यावर असताना, भैय्यालाल गेला. सकाळी बांधीवर जाऊन आला, छातीत दुखतं म्हणाला आणि गोंदियाला नेईपर्यंत संपला. त्याच्या मागं दोन लेकरं. ओमेशचं आमगावात खताबियाण्याचं दुकान होतं, आणि धाकट्या डिंपलचं लग्न ठरलेलं होतं. केशोरी गावचा मुलगा, उमेंद्र. लग्न तेव्हाच पुढं ढकलावं लागलं. केशोरीवाले थांबले, पण या वैशाखात नाही झालं तर आम्ही मोकळे, असं त्यांनी मध्यस्थाकडून कळवलं होतं. आता तारीख ठरली होती, वैशाखी पुनवेची. मध्ये फक्त अक्ती होती.

अक्ती म्हणजे अक्षय्य तृतीया, पितरांचा सण. वर्षभरात गेलेल्या माणसाला त्या दिवशी पितरांत मिळवायचं. तो मिळाला की घर शुभकार्याला मोकळं. नाही मिळाला तर मांडव पडत नाही. सगळ्या घरी निखाऱ्यावर तूप आणि जेवणाचा घास टाकला की काम भागतं. भैय्यालालच्या घराण्याचं तेवढ्यावर भागत नसे. त्यांच्याकडे पणजोबाची पितळी बुडाची गुडगुडी होती. अक्तीला आतल्या खोलीत पितरांपुढं ती भरून ठेवायची, चिलमीवर करवंटीचा पेटता कोळसा ठेवायचा, दार ओढून घ्यायचं आणि साऱ्यांनी अंगणात जाऊन उभं राहायचं. पितर येतात, दम मारतात. मग घरातल्या थोरल्याने दार उघडून चिलीम ताटलीत उलटी करायची. कोळशाची पांढरी राख झाली असेल तर पितर धापले, तृप्त झाले. आत काळं राहिलं असेल तर कोणीतरी रुसलेलं आहे. सुशिलाबाई या घरात आली तेव्हापासून एकदाही काळं निघालं नव्हतं.

तर अक्ती तोंडावर आली आणि सुशिलाबाईनं डबा उघडला. तळाशी नुसती भुकटी होती. आता स्वतःच कोळसा करावा म्हणून तिनं गल्लीतल्या गीताबाईकडून करवंट्या आणल्या, डबा लिंपला, तुसात पुरला. पण धीर धरवला नाही. झालं की नाही बघायला तिनं झाकण उचकटलं, आणि आतल्या करवंट्यांनी भककन पेट घेतला, तिच्यादेखत त्यांची राख झाली. भैय्यालाल असता तर आठ दिवस हसला असता.

"विकत भेटते आई," डिंपल म्हणाली. "गोंदियाले. मोबाइलवर पाहिलं मी."

दोघी गाडीनं गोंदियाला गेल्या. डिंपलनं ओढणी पार डोळ्यांपर्यंत गुंडाळली. ऊन होतंच, पण उन्हापेक्षा सासरचं कोणी दिसेल याची धास्ती जास्त होती. बाजारात अगरबत्ती, कापूर, पानमसाला विकणाऱ्या एका दुकानाच्या पायरीवर सुशिलाबाई सरळ चढली.

"हुक्क्याचा कोळसा आहे काय, भाऊ?"

शेठनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. "माताजी, हुक्का पार्लर तो कब के बंद हो गए. हम वो सब नहीं रखते."

"पार्लर कोणाले पायजे? मले कोळसा पायजे."

"किसके लिए?"

"आमच्या मालकासाठी."

"तो उनको भेजो ना, माताजी."

"ते कसे येतीन? मागच्या पावसाळ्यात वारले."

शेठचा कापूर मोजणारा हात थांबला. डिंपलनं पुढं होऊन, ओढणीच्या आडून, अक्तीचं सगळं सांगितलं. शेठ शहाणा माणूस. गिऱ्हाईक मेलेल्या नवऱ्यासाठी कोळसा नेतंय म्हटल्यावर त्यानं भाव थोडा उतरवला आणि आतून दोन डबे आणले.

पहिल्यात चकत्या होत्या, चंदेरी कागदात वळलेल्या. "ये लो. माचिस दिखाओ, जल गया. फूंकना नहीं, देखना नहीं. अपने आप आखिर तक जलता है."

दुसऱ्यात चौकोनी काळे ठोकळे होते. "ये नारियल का है, असली, नैचरल. पर झंझट है. गैस पे रखो, पलटाओ, अंदर तक लाल होने दो. और कोई खींचेगा नहीं, तो ऊपर राख चढ़ के ठंडा पड़ जाता है."

सुशिलाबाईनं चकती नाकाशी नेली. फटाक्यासारखा वास आला. तिनं ती लगेच खाली ठेवली. मग दोन ठोकळे उचलून एकमेकांवर आपटले. टणटण वाजले. तळहातावर घासून पाहिला, हात फारसा काळा झाला नाही. वास घेतला, वासच नव्हता. शेवटी तिनं ठोकळा जिभेला लावला. भैय्यालाल असंच करी. खरा कोळसा जिभेला चिकटतो म्हणे. चिकटला. डिंपलनं मान दुसरीकडे वळवली आणि समोरच्या दुकानातल्या बादल्या पाहू लागली.

"हाच दे," सुशिलाबाई म्हणाली.

शेठनं पुडकं बांधलं. आई पदराच्या गाठीतून पैसे काढेपर्यंत डिंपलनं हळूच शेठला पैसे देऊन चकत्यांची एक गुंडाळी आपल्या पर्समध्ये टाकली. लग्न तिचं होतं.

संध्याकाळी घरी कोळशाची परीक्षा झाली. परीक्षेला मोठेबाबाही आले. मोठेबाबा म्हणजे भैय्यालालचा थोरला भाऊ नंदलाल, लागूनच राहणारा. दम्यानं खंगलेला, खिशात पंप घेऊन फिरणारा, पण घराण्यात शेवटचा शब्द त्याचा. सुशिलाबाईचा तो भासरा. भासरा आणि भावसून यांनी एकमेकांशी सरळ बोलायचं नाही, अशी जुनी रीत. आता ती कोण पाळतं? हे दोघं पाळत. तिनं डोक्यावर पदर ओढला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"डिंपल," नंदलाल म्हणाला, "तुझ्या आईले विचार, कोळसा कोणता आणला."

"डिंपल," दोन हातांच्या अंतरावरून सुशिलाबाई म्हणाली, "सांग मोठेबाबाले, नरोटीचा आणला. पोरायचे बाबा करत तसाच वाजते."

डिंपल काहीच बोलली नाही. तिच्या बोलण्याची गरज कधीच नसे, ती फक्त मध्ये उभी असली की झालं.

ओमेशनं गॅसवर ठोकळे ठेवले. पेटता पेटेनात. चहा झाला, पिऊन झाला, तेव्हा कुठं ते आतपर्यंत लाल झाले. एक तुकडा चिलमीवर ठेवून सगळे बघत बसले. थोडा वेळ तो छान फुलला. मग त्याच्यावर राखेची साय धरली. साय जाड होत गेली, आणि बराच वेळ वाट पाहून ओमेशनं चिमट्यानं तुकडा फोडला तेव्हा आत काळाकुट्ट गोळा तसाच होता.

मग डिंपलनं पर्समधून चंदेरी गुंडाळी काढली. काडी लावताच चकती चरचर करत, ठिणग्या उडवत पेटली आणि स्वयंपाकघरात दिवाळीचा वास सुटला. कोणी हात न लावता ती जळत राहिली, जळत राहिली आणि शेवटी पांढरी राख होऊन बसली. नंदलालनं खोकत पंप तोंडात धरला आणि तो अंगणात निघून गेला.

"हाच ठेवू," ओमेश म्हणाला. "कायले जोखीम घ्याची?"

"नाई."

"आई, मोठेबाबाचं तुले मालूम आहे. काळा निघाला तर ते मांडव पडू देणार नाईत. केशोरीवाले आधीच नाराज आहेत."

"तुझ्या बाबाले हा वास सहन होत नव्हता."

"बाबाले आता काय समजणार हाय?"

सुशिलाबाईनं भाकरीचं पीठ मळता मळता हात थांबवला. तिला राग आला होता, आणि राग आला की ती आवाज चढवत नसे, उलट हळू बोले. "मंग जेवण तरी कायले मांडतं त्याच्यापुढं? समजत नाई तर उपाशी ठेव."

ओमेश चिमट्यानं राख गोळा करू लागला.

"हे पाय बापा," ती जरा नरमून म्हणाली, "आज इथं ओढणारा कोणी नव्हता, म्हणून तो विझला. अक्तीले ओढणारे येते. दरसाल येते. जो कोळसा आपल्या आपणच जळते, त्याले पितर कायले पायजे? मंग तर शेजारच्या बकरीपुढं ठेवला तरी पांढरा होईन."

डिंपलचे डोळे भरून आले. ती उठून आत गेली, आणि मायलेकी त्या रात्री एका खाटेवर पाठीला पाठ लावून झोपल्या.

सुशिलाबाईला झोप कुठली यायला. पोरीचं नशीब आपण एका ठोकळ्यावर टांगून ठेवलं, हे तिलाही कळत होतं. उमेंद्र पोरगा गुणाचा होता. भैय्यालाल गेला तेव्हा केशोरीहून मोटारसायकलवर येऊन उरलेली रोवणी होईपर्यंत चिखलात उभा राहिला होता. असा जावई पुन्हा शोधून मिळेल? एक काडी लावली की काम होत होतं. पण ज्या माणसानं जन्मभर करवंट्या वेचल्या, त्याला पहिल्याच अक्तीला फटाक्याच्या वासात बोलवायचं? तिचं मन धजेना. मग ती त्यालाच म्हणाली, मनातल्या मनात, मी तुझं ऐकते, आता तू माझं ऐक. वेळेवर ये म्हणजे झालं.

अक्तीचा दिवस उजाडला. नवं मडकं पाण्यानं भरून झालं. आंब्याचा रस, वडे, घाऱ्या, भाजी, सगळं पत्रावळीवर वाढलं. नंदलालनं निखाऱ्यावर तूप सोडलं आणि पितरांची नावं घेतली. शेवटचं नाव भैय्यालालचं घेतलं. गुडगुडी सुशिलाबाईनं पहाटेच चिंचेनं घासून ठेवली होती. यंदा पाणीही तिनं स्वतः भरलं. कारण दरवर्षी तिथंच घोळ व्हायचा. सगळे अंगणात जाऊन उभे राहिले की भैय्यालालला आठवायचं, गुडगुडीत पाणी टाकायचं राहिलं! मग लगबगीनं तो आत जायचा. परत यायला बराच वेळ लागे. जो माणूस स्वतः एक दमही कोरडा ओढणार नाही, तो बापाच्या गुडगुडीत पाणी टाकायला दरसाल विसरतो, यावरून ती त्याला हटकून बोले. बाहेर येताना त्याचे डोळे लाल आणि ओले असत. बापाची आठवण आली असेल म्हणून मग ती जास्त ताणत नसे.

करवंटीचा कोळसा लाल झाला. ओमेशनं तो चिमट्यानं चिलमीवर ठेवला, आईकडे एकदा पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

सगळे अंगणात आले. ऊन डोक्यावर आलं होतं. कडुनिंबाच्या सावलीत नंदलाल खुर्चीवर बसला, बाकीचे उभे. डिंपलनं दोन्ही हात घट्ट धरले होते. कावळे कौलांवर येऊन बसले.

नंदलालनं घसा साफ केला. "काई राहिलं तर नाई?" त्यानं विचारलं. दर अक्तीला विचारी तसंच.

"नाई मोठेबाबा," ओमेश म्हणाला. "सगळं झालं."

सुशिलाबाई दाराकडे पाहत होती. तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. भाजीत मीठ विसरावं आणि घास तोंडात जाईपर्यंत कळू नये, तसं काहीतरी. काय ते तिला सापडत नव्हतं.

"पाहा बरं नीट," नंदलाल म्हणाला. "काई राहिलं असन."

ओमेश जरा चिडला. "काईच नाई राहिलं, मोठेबाबा. मी स्वतः पाहिलं."

नंदलालनं दुसऱ्यांदा कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच येत नसे, कारण पहिल्या प्रश्नालाच उत्तर मिळे. सुशिलाबाईनं पदराआडून भासऱ्यांकडे पाहिलं. ते ओमेशकडे बघत नव्हते, डिंपलकडेही नाही. हातातला पंप चाळवत ते भिंतीकडे बघत होते. तिच्याशी बोलायचं असलं की जिकडे बघत, त्या भिंतीकडे.

आणि मग तिला सापडलं. यंदा कोणी म्हणालं नव्हतं, पाणी टाकायचं राहिलं.

ती जागच्या जागी थिजली. दरसाल राहिलेलं ते पाणी, परत यायला लागणारा तो वेळ, लाल झालेले ते ओले डोळे. अगं माय! म्हणजे सासरे आले नव्हते. आजेसासरे आले नव्हते. दरसाल हा तिचाच लबाड बुढा आत बसून बापाच्या नावची चिलीम ओढत होता, आणि ती बाहेर उन्हात हात जोडून उभी राहत होती. तिला आधी संताप आला. मग हसू आलं, इतकं की पदर तोंडात कोंबावा लागला. आणि हसू येता येताच तिला उमगलं की आत या क्षणी कोळशावर राखेची साय चढते आहे आणि ओढणारा कोणी नाही.

"गुडगुडीत पाणी टाकायचं राहिलं," ती म्हणाली.

डिंपल चमकली. "आई, तू तर पहाटेच टाकलं. मी होती ना."

"राहिलं म्हणते ना."

"मी जातो," ओमेश पुढं झाला.

"जाऊ दे तिले," नंदलाल भिंतीला म्हणाला. "दरसाल राहते ते."

ती आत गेली आणि दार लावून घेतलं. खोलीत तुपाचा धूर भरला होता. चिलमीवरचा कोळसा राखाडी पडला होता, कडेला जेमतेम लाली उरली होती. ती पितरांपुढं मांडी घालून बसली. जन्मात बिडीला हात न लावलेली बाई. नळीच्या लाकडी टोकाला दातांची खूण होती, एका बाजूला झिजलेली. भैय्यालालचा डावीकडचा दात पुढं होता. तिनं त्याच खुणेवर ओठ टेकले आणि ओढलं.

पाणी गुडगुडलं. धूर घशात गेला आणि जीव कासावीस झाला. खोकला बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण कोळशाची साय तडकली होती आणि आतून लाली फुलली होती. ती थांबली, लाली थांबली. तिनं पुन्हा ओढलं, लाली पुन्हा चढली. ऐकते, तो म्हणे. इतकी वर्षं ते नुसतं बोलणं वाटलं होतं.

"एवढं होतं तर सांगाचं होतं," ती गुडगुडीला म्हणाली. "मी काय कोणाले सांगत होती? दरसाल बोलणी खाल्ली माझी, पण तोंडातून शब्द नाई काढला."

मग ती त्याला एकेक सांगत गेली, आणि मधूनमधून जमेल तसा दम मारत गेली. केशोरीवाले कसे आहेत, उमेंद्रनं चिखलात कसे पाय रोवले, डिंपलला शालू कोणता घेतला, ओमेश खतावर उधारी फार देतो. डबा तिनं मध्येच उघडला आणि करवंट्यांची राख झाली, हेही सांगितलं. दम घशात टोचायचा, डोकं गरगरत होतं, पण तिला बरं वाटत होतं. तो गेल्यापासून इतका वेळ त्याच्याशी बोलायला बसली नव्हती. सुतक, पाहुणे, कागदपत्रं यांत त्याच्यासाठी निवांत रडणं राहूनच गेलं होतं. ते आता झालं, धुराच्या निमित्तानं.

कोळसा हळूहळू आक्रसला. शेवटी त्याच्यात लाल काही उरलं नाही. तिनं नळीचं टोक पदरानं पुसलं, पत्रावळीपुढं डोकं टेकवलं आणि ती बाहेर आली.

तिचे डोळे पाहून डिंपल धावत आली आणि तिला बिलगली. "रडू नको वो आई. जसं होईन तसं होईन."

तंबाखूचा वास तिला आला असणार, पण घरादाराला त्या दिवशी धुराचाच वास होता. तिनं काही विचारलं नाही.

नंदलाल उठला. ओमेशनं त्याला हाताला धरून आत नेलं, बाकीचे उंबऱ्याशी उभे राहिले. त्यानं चिलीम उचलली, पितळी ताटलीवर उलटी केली आणि बुडावर टिचकी मारली. जळक्या तंबाखूबरोबर पांढरी राख पडली, पिठासारखी मऊ. त्यानं बोटानं ती पसरून पाहिली. काळा कण कुठं नव्हता.

"भैय्यालाल मिळाला," तो म्हणाला. "मांडव टाका."

डिंपल मटकन खाली बसली आणि ओढणीत तोंड घालून हसायला लागली, की रडायला, ते कोणाला कळलं नाही. ओमेश केशोरीला फोन लावायला अंगणात पळाला. उंबऱ्याशी सुशिलाबाई एकटी उरली, डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडे.

नंदलाल ताटली घेऊन तिच्यासमोरून जाताना थांबला. दम लागला होता, म्हणून आधी त्यानं श्वास गोळा केला.

"आमचे बाबा होते तोवर बाबा जात होते पाणी टाकायले," तो हळू आवाजात म्हणाला. "मंग माझी पाळी होती. पण हा दमा. म्हणून भैय्यालालले सांगितलं." मग त्यानं मान वळवून, ती या घरात आल्यापासून पहिल्यांदा, सरळ तिच्या तोंडाकडे पाहिलं. "सुशिला, पुढच्या सालीही पाणी तूच टाकजो."

सुशिलाबाईनंही भिंतीवरची नजर काढली आणि भासऱ्यांकडे पाहिलं.

"टाकीन," ती म्हणाली.